मोरीवर उभे राहा

आमच्या गल्लीत ठकठक ऐकू आली की समजायचं, सेतुराव निघाले. चेन्नईत छत्री उन्हासाठी बाळगतात, पण सेतुराव ती उघडतच नाहीत. मिटलेल्या छत्रीच्या टोकानं मोरीवरची, म्हणजे रस्त्याकडेच्या गटारावरची, प्रत्येक फरशी ठोकतात, कान देऊन ऐकतात आणि जाहीर करतात, "चांगली" किंवा "बद्द". बद्द म्हणजे आतून तडकलेली, आज ना उद्या कुणाचा तरी पाय मोडणारी. अंधार पडायच्या आत मात्र घरी पळतात.

मोरी हा त्यांचा लाडका शब्द. "तुझ्या मराठींत मोरी, ह्यांच्या तमिळींतही मोरी. भांडायचें कशास?" त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. त्यांचं बोलणं ऐकताना जुनी बखर आणि इथला रिक्षास्टँड एकदमच कानावर पडतात.

मी सांगलीचा, अंबत्तूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. स्वभाव तापट. रोज संध्याकाळी बाल्कनीत येरझारा घालत फोनवर भावाशी देशाच्या राजकारणावरून भांडायचं, हा माझा नेम. निवडणूक तोंडावर आली तसा माझा आवाजही चढला. पुढारी सकाळी एका पक्षात, संध्याकाळी दुसऱ्यात, आणि आम्ही कुणाच्या नावानं बटण दाबायचं? नुसती जिवाची तगमग. शेवटी भावाला सांगून टाकलं, मी यंदा मतच देणार नाही.

खालून ठक असा आवाज आला. "तम्बी, दिल्लीस ऐकूं गेलें का?" तम्बी म्हणजे धाकटा भाऊ; मला ते अशीच हाक मारतात.

"वैताग आलाय हो काका."

"मग खालीं ये. मुदल्ल तेरु, अप्पुरम दिल्ली."

म्हणजे आधी गल्ली, मग दिल्ली. हे ते इतक्यांदा म्हणतात की गल्लीतली पोरं पुढचं अर्धं आपणच म्हणून टाकतात.

त्याच आठवड्यात एक उमेदवार हात जोडत आला. सेतुरावांनी छत्री एका बद्द फरशीवर टेकवली आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाले. मग मला मराठीत सांगितलं, "म्हटलें, तूं उभा आहेस ना, तर ह्यावर उभा राहा." उमेदवारानं फरशीकडे पाहिलं आणि हसत हसत समोरच्या घराकडे वळला. "दुसऱ्या पक्षाचाही नाही राहिला," सेतुराव म्हणाले.

नगरसेविकाबाई मात्र राहिल्या. त्यासाठी सेतुरावांनी मला तीन शनिवार वॉर्ड ऑफिसात ताटकळत बसवलं आणि शेवटी बाईंना कॉफीच्या निमित्तानं गल्लीत आणलं. बाई उभ्या राहिल्या, फरशी डुगडुगली, बाईंनी घाबरून माझा दंड धरला. आठवड्याभरात नव्या फरश्यांचा ट्रक आला.

काम गल्लीच्या पलीकडच्या टोकाकडून सुरू झालं आणि सेतुरावांच्या दारापाशी येऊन फरश्या संपल्या. उरलेलं निवडणुकीनंतर, असं मुकादम म्हणाला. सेतुराव नुसतं "सरि", म्हणजे बरं, म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "सगळी खटपट तुमची आणि तुमचंच दार राहिलं? आधी स्वतःचं करून घ्यायचं की हो."

"आपुलें मागून," ते म्हणाले आणि मला पाणी प्यायला आत घेऊन गेले.

तिथे काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं. चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. घसरून पडल्यापासून त्यांना उभं राहता येत नाही. दारातल्या तुटक्या फरशीवरून खुर्ची जात नाही आणि चौघांनी उचलून नेलेलं त्यांना खपत नाही. पडल्यापासून त्या बाहेर गेल्याच नव्हत्या.

मग मी हात धुऊन त्या एका फरशीच्या मागे लागलो. कारखान्यातून सुटलो की थेट वॉर्ड ऑफिस. माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी तिथे इतकं डोकं खाल्लं की मला पाहिलं की कारकून चहा सांगायचा. भाऊ फोनवर म्हणाला, "दिल्लीत काय चाललंय बघितलंस का?" मी म्हटलं, "नंतर." मतदानाच्या दिवशी सेतुराव मला दारात येऊन घेऊन गेले. मत दिलं. त्यानंतरच्या रविवारी सकाळी फरशी बसली.

सेतुरावांनी ती ठोकली. पुन्हा ठोकली. "चांगली," म्हणाले आणि काकूंची खुर्ची बाहेर काढली.

काकू पाहायच्या आधीच सगळं ओळखत होत्या. ही फूलवाली, हिचं सुनेशी पटत नाही. हा लंगडा कुत्रा, इस्त्रीवाल्याचा. मग माझ्याकडे वळून, "दिल्लीचा तम्बी तो तूंच." मी चाटच पडलो. तेव्हा कुठे कळलं, सेतुराव रोज गल्लीभर छत्री ठोकत का फिरतात आणि अंधार पडायच्या आत घरी का पळतात. दिवसभरातली गल्ली बायकोला सांगायची असायची.

कोपऱ्यावर काकूंनी खुर्ची थांबवायला लावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"इतुकीच गल्ली?" त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगतां ती केवढी मोठी होती."

ऊन चढलं होतं. सेतुरावांनी खुर्ची माझ्या हाती दिली, छत्री उघडली आणि काकूंच्या डोक्यावर धरली.