आठवं हाड

मनगटात आठ हाडं असतात. डॉक्टरीणबाईंच्या डब्यात सकाळी साडेसात वाजता सातच होती.

डॉक्टरीणबाई म्हणजे वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला असलेली अठरा वर्षांची मुलगी. डॉक्टर व्हायला अजून असंख्य परीक्षा शिल्लक होत्या. पण प्रवेश मिळाला त्याच दिवशी तिच्या वडिलांनी हे नाव ठेवून टाकलं. वडील शिंपी होते आणि त्यांनी एकदा बेतलेलं ते सहसा बदलत नसत.

अकरा वाजता तिची तोंडी परीक्षा होती. कॉलेजचा नियम असा, की अभ्यासाला नेलेली हाडं आधी परत करायची, हाडांच्या खोलीतल्या मामांनी ती मोजून सही करायची आणि मगच आत सोडायचं. सही नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर सहा महिने घरी.

"केवढं होतं गं?" आईने विचारलं.

"वाटाण्याएवढं. पिसिफॉर्म म्हणतात त्याला."

"मग ते कसलं हाड! मला वाटलं मांडीचंच गेलं."

पलंग सरकवून झाला, केर चाळून झाला, आईने खबरदारी म्हणून डाळीचा डबाही उपडा केला. बाबा मात्र कापड बेतायच्या टेबलापाशी नुसते उभे होते. घरात मोठं टेबल तेवढंच. एका टोकाला लेक हाडं पाठ करी, दुसऱ्या टोकाला बाबा शिवत.

"डॉक्टरीणबाई," ते हळूच म्हणाले, "काल मी बटणांसाठी आठ लाकडी मणी मोजून बशीत काढले होते. आठ बटणं कापडाने मढवली. आठही कोटाला लावली." त्यांनी बशी पुढे केली. बशीत एक मणी होता. "मग हा कोण?"

तिघंही मण्याकडे बघत राहिले.

"बाबा, तुमच्या हाताला कळलं नाही?"

"कापडाखाली सगळं सारखंच लागतं गं. जरा टणक वाटलं. म्हटलं, लाकूड चांगलं आलंय."

कुठला कोट, हे तिने विचारलं नाही, कारण ते काम तिनेच आणलं होतं. शरीररचनेच्या विभागप्रमुखांचं बटण भर वर्गात तुटलं, तेव्हा "सर, माझे बाबा शिवतात" असं तिने अभिमानाने सांगितलं होतं. बाहेरच्या परीक्षक बाई येणार म्हणून सरांनी खास नवा कोट शिवून घेतला होता आणि तो काल संध्याकाळीच पोचता झाला होता.

"मी येतो कात्री घेऊन," बाबा म्हणाले. "दोन मिनिटांचं काम."

"सरांच्या छातीवर कात्री चालवणार?"

"मग तू चालव. टाके काढता यायलाच हवेत की तुला." असं म्हणून त्यांनी कात्री, सुईदोरा आणि उरलेला मणी तिच्या पिशवीत टाकला.

परीक्षेच्या खोलीच्या दारात मामांनी हाडं दोनदा मोजली.

"सात."

"आठवं आत आहे, मामा."

"आत कुठे?"

"सरांच्या कोटावर."

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कुत्र्याने नेलं, भावाने फेकलं, हे सगळं त्यांनी ऐकलं होतं. हे नवीन होतं.

"म्हणजे आत गेल्याशिवाय हाड मिळणार नाही. आणि हाड दिल्याशिवाय आत जाता येणार नाही."

"हो."

"अवघड आहे," असं म्हणून मामा पुढच्या मुलाच्या फासळ्या मोजायला लागले.

तेवढ्यात आतून आवाज आला, "कसली कुजबुज आहे? कोण आहे ती? आत या!"

सर नव्या कोटात ऐटीत बसले होते. पुढ्यात परीक्षेची कापडी पिशवी. डोळे मिटून पिशवीत हात घालायचा आणि लागेल ते हाड ओळखायचं. सकाळपासून नऊ जण त्या पिशवीत बुडाले होते. सर डाव्या हाताने कोटाचं तिसरं बटण कुरवाळत होते. बाकीची सात बटणं गोल होती. हे एका बाजूने किंचित चपटं होतं.

"मनगटात हाडं किती?"

"आठ, सर. सात मामांकडे आहेत. आठवं तुमच्याकडे."

"माझ्याकडे?"

"तुमच्या बोटांत, सर."

मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. सरांनी डोळे मिटले आणि बटण चाचपलं. वरून, खालून, कडेने.

"पिसिफॉर्म," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "तीन तास बोटांत आहे माझ्या. आणि नऊ पोरांना मी विचारलं, तुमच्या बोटांना अक्कल नाही का म्हणून."

"कापडाखाली सगळं सारखंच लागतं, सर."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"बाबा म्हणतात."

सरांनी पिशवीकडे पाहिलं आणि ती जरा बाजूला सारली.

"कोणत्या हाताचं?"

"डाव्या."

"कशावरून?"

"मामांनी संच डाव्या हाताचाच दिला होता, सर."

सर हसले. दारातले मामा हे पाहून दचकले. पण कर्तव्य ते कर्तव्य.

"सर, मोजल्याशिवाय मला सही करता येत नाही."

"मग मोजा!"

मामांनी डबा टेबलावर ठेवला, सात हाडं मोजली आणि विभागप्रमुखांच्या छातीवर बोट टेकवलं. "आठ."

नेमक्या त्याच क्षणी परीक्षक बाई आत आल्या. "हे काय चाललंय?"

"हजेरी," सर म्हणाले. "आणि मामा, ते सकाळचे नऊ जण गेले नसतील तर पुन्हा बोलवा."

संध्याकाळी कोट घरी आला. बाबांनी बटण उसवलं, हाड डब्यात ठेवलं आणि मणी मढवायला घेतला.

"पास झालीस ना?"

"झाले."

"आणि त्या बाहेरच्या बाईंना काही कळलं?"

"त्या म्हणाल्या, कोट फार सुरेख बसलाय."

बाबांनी चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. तिने त्यांचा हात धरला आणि त्यांचंच बोट दुसऱ्या हाताच्या मनगटावर नेलं, करंगळीच्या बाजूला, जिथे तळहात सुरू होतो तिथे.

"हे बघा. तुमच्याकडेही आहे ते. दोन्ही हातांत."

बाबांनी ते उंचवट्यासारखं काहीतरी बराच वेळ दाबून पाहिलं. मग दुसऱ्या हाताचं पाहिलं. मग आईचं.

"म्हणजे घरातच होतं की," ते म्हणाले. "मग सकाळी एवढी शोधाशोध कशाला केली?"