पाय धुऊन सांगितलेली बातमी

रेडिओच्या बॅटरीत मी विहिरीचं पाणी घातलं. शाळेच्या विहिरीचं, दोनदा फडक्यातून गाळून. गावात मास्तर मी एकटाच, त्यामुळे अडवायला कोणी नव्हतं. आठ दिवसांत रेडिओ आधी घोगरा झाला, मग कण्हू लागला आणि ऐन बातम्यांत मुका झाला.

मला पहिल्यांदा सटवाजीआबा आठवले. म्हटलं, म्हातारा आता गावात गूळ वाटणार.

कारण माझा रेडिओ येण्याआधी गावाचा रेडिओ म्हणजे आबाच. निजामाच्या अमलातली ती शेवटची वर्षं, रोज एक नवी आवई उठायची. आबा दर बाजारी उमरीला जायचे, स्टेशनावर उतरणाऱ्यांना गाठायचे आणि संध्याकाळी पारावर सगळं सांगायचे. पण आधी पाय धुणार. मग "पैल्यापासून ऐका" म्हणून सकाळी घरातून निघाल्यापासून सुरुवात करणार. बातमीचे प्रकार दोन, ऐकेल म्हणजे कानावर आलेली आणि पाहेल म्हणजे डोळ्यांनी पाहिलेली. ऐकेल असली की पटका गुडघ्यावर, पाहेल असली की डोक्यावर.

एकदा पाटलांचा हरवलेला बैल आबांना उमरीत दिसला. पटका डोक्यावर चढवून त्यांनी सांगायला घेतलं. पाटील समोर तळमळत बसलेले. आबा सांगता सांगता जेमतेम ओढ्यापर्यंत पोचले, तोवर बैल आपला आपण चालत पारापाशी आला. आबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पाटलांना म्हणाले, "दम धरा, ते म्होरं येतंय."

मग हैदराबादच्या मेहुण्यानं मला रेडिओ दिला. मी तो ओसरीवर मांडला आणि पार ओस पडला. आबांचं मत एवढंच, "पाय न धुता बोलून राहिला. अन् उलटं विचारलं तर मुका." तरी रोज यायचे. आत नाही, बाहेर भिंतीला पाठ लावून बसायचे. मी आवाज मुद्दाम वाढवायचो आणि म्हातारा जळतो म्हणून गावभर सांगत हिंडायचो.

रेडिओ मुका झाल्यावर माणसं पुन्हा पाराकडे वळली. आणि पुढच्याच बाजारी आबांची गाडी माझ्या दारात.

"काढा ती बॅटरी," आबा म्हणाले. "उमरीला कापसाच्या जिनिंगमधी करंट भरून देतेत म्हने."

वाटेत माझ्यानं राहवेना. म्हटलं, आबा, बंदच राहू दिला असता तर तुमचाच फायदा होता. आबांनी कडब्याची पेंढी बॅटरीखाली नीट सारली. ओढा ओलांडल्यावर बैलांकडे बघतच बोलले.

"तीस साल झाले गुरुजी, म्या गावाला सांगून राहिलो. मला कोनी काई सांगतलं का? म्हातारी होती तवर ती सांगायची. कोंबडीनं अंडं दिलं, शेळी कुठं शिरली. आता घरी जातो, पाय धुतो, अन् गुमान बसतो. तुमचा डबा मला सांगते."



जिनिंगमधल्या मिस्त्रीनं बॅटरी उघडून विचारलं, पाणी कुठलं. मी विहीर सांगितली, दोनदा गाळल्याचंही सांगितलं. तो आधी माझ्याकडे, मग आबांकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, ह्यात डिस्टिल्ड पाणी घालतात; जगेल, धुऊन भरून ठेवतो, पुढच्या बाजारी घेऊन जा.

संध्याकाळी अख्खं गाव पारावर. रेडिओ वाचला का, एवढंच सगळ्यांना हवं होतं. आबांनी सावकाश पाय धुतले. मला समोर बसवलं.

"पैल्यापासून ऐका," म्हणाले. निघालो, ओढा लागला, बैल पाणी प्याले, सगळं झालं. ओढ्यापलीकडचं बोलणं तेवढं गाळलं. मग जिनिंगचं फाटक आलं आणि आबांनी गुडघ्यावरचा पटका उचलून डोक्यावर ठेवला.

"आता ही पाहेल हाय. गुरुजीनं डब्याला हिरीचं पानी पाजलं. अन् हेच आपल्या लेकरायला शिकवून राहिले."