गलमिश्यांचा पक्षी

लंडनच्या टोकाला असलेल्या आमच्या स्टॅनमोरमध्ये हमिंगबर्ड नाही. अख्ख्या ब्रिटनमध्ये नाही. तरीही अमेरिकेच्या वाळवंटातला 'कोस्टाज हमिंगबर्ड' कसा ओळखायचा, हे शेजारच्या दिघेकाकांनी मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी मी घडाघडा म्हणून दाखवीन.

"अंगठ्याएवढा जीव. नराच्या गळ्याला जांभळी पिसं, दोन्ही बाजूंना लांब सुटलेली. जुन्या सरदारांच्या गलमिश्याच. सावलीत काळ्या दिसतात, फसायचं नाही. याच्याच कुळातला दुसरा चुलतभाऊ असेल तर गळा गुलाबी. मादीला मिश्या नाहीत, तिथे शेपूट बघायचं."

हे ते कचऱ्याचे बिन्स बाहेर ठेवताना सांगतात, ट्यूब रेल्वेत सांगतात. मंडळाच्या गणपतीत तर प्रसादाच्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या मिश्यांना हात लावून त्यांनी प्रात्यक्षिक दिलं. काकांना घेऊन गेलो होतो मी, त्यामुळे ते गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत.

एकदा उन्हाळ्यात आमच्या लॅव्हेंडरवर काहीतरी चिमुकलं भिरभिरत होतं. म्हटलं, बघा एकदाचा आणि सोडा मला. काका सपाता घालून आले, एक नजर टाकली आणि म्हणाले, "पतंग आहे. सोंड दिसत नाही तुला?" आणि पुन्हा गळ्यापासून सुरुवात.

ही विद्या ते मुलीपायी शिकले. नेहा अ‍ॅरिझोनात असते. तिच्या लग्नावरून बापलेकीचं बिनसलं आणि फोनसुद्धा बंद झाला. मग एक दिवस तिच्या अंगणातल्या पक्ष्याचा फोटो माझ्या ईमेलवर आला, कारण काकांकडे कॉम्प्युटर नाही. खाली एवढंच: 'बाबांना विचार, हा कुठला?' तेव्हापासून अधूनमधून त्याच पक्ष्याचे फोटो येतात. काका सांगतात, मी टाइप करतो. माझे रविवार असेच जातात.

परवा नवा फोटो आला. भर उन्हात लखलखणारा जांभळा गळा, दोन्हीकडे झुपकेदार मिश्या. आंधळ्यानेही ओळखला असता.

"लिही," काका म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. शेपूट दिसत नाही. मागून फोटो काढून पाठव."

माझं डोकंच फिरलं. "अहो काका, हा कोस्टाज आहे. तुम्हीच डोकं खाऊन शिकवलंत ना? नराचं शेपूट कशाला हवंय?"

काका स्क्रीनकडेच बघत होते.

"कळतंय रे मला," ते म्हणाले. "पण एकदा नाव सांगितलं की ती परत कशाला लिहील?"

मी त्यांनी सांगितलं तेवढं टाइप केलं. आणि 'चोचही नीट दिसत नाही, तिचा वेगळा फोटो पाठव' हे पदरचं घातलं.