उत्तरदाता क्रमांक ४१७

ज्या समाजाला आपली गरिबी नीट मोजता येते, तो निम्मा तरी सुधारला असं समजायला हरकत नाही. उरलेली सुधारणा मोजणाऱ्याच्या पगारात काटकसर करून साधता येते. सुरतेतल्या तापीकाठ समाज-अध्ययन केंद्राने १९९६ सालापर्यंत या दोन्ही बाबतींत चांगली मजल मारली होती.

भटू पाटील या केंद्रात संशोधन सहाय्यक होता. एम.ए. समाजशास्त्र, दुसरा वर्ग (पहिला तीन गुणांनी हुकला, त्या वर्षी डिंडोलीतल्या त्याच्या खोलीत वीज कमी आणि पाहुणे जास्त होते). पगार दरमहा चौदाशे रुपये, एकत्रित. 'एकत्रित' म्हणजे त्यात महागाई, घरभाडं, प्रवास, आजारपण आणि भवितव्य हे सगळं आलं. नेमणूक एकोणनव्वद दिवसांची. नव्वदाव्या दिवशी खंड, एक्याण्णवाव्या दिवशी नवं नेमणूकपत्र. सलग नव्वद दिवस काम केलं की माणसाला हक्क जडतात आणि ते पुढे औषधाने बरे होत नाहीत, असा केंद्राचा अनुभव होता. खंडाच्या दिवशी सहाय्यकाने कामावर येऊ नये असा नियम होता. खंडाच्या दिवशी येऊन तुंबलेली कामं उरकावीत अशी प्रथा होती. भटूने आतापर्यंत सात खंड पाळले होते. म्हणजे नोकरी नसताना सात वेळा तो वेळेवर कामावर गेला होता.

चालू प्रकल्पाचं नाव होतं 'यंत्रमाग कामगारांच्या रोजगारातील अशाश्वतता'. चार सहाय्यकांनी सहाशे खोल्यांत जाऊन बावीस पानी प्रश्नावली भरायची. नेमणूकपत्र मिळतं का, आजारी पडलात तर पैसे कापतात का, मधेच काढून टाकतात का, हे प्रश्न भटू मोठ्या तळमळीने विचारी. संचालक डॉ. चंद्रकांत सबनीस म्हणत, "पाटील, तुमच्या विचारण्यात आतून आलेलं काहीतरी असतं. ते शिकवून येत नाही."

आतून जे येत होतं, ते शेजारच्या नवागामहून येत होतं. तिथल्या पांडुरंगअप्पांची रंजना भटूला पसंत होती, आणि तिचीही तक्रार नव्हती. पण पांडुरंगअप्पांनी सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बारा वर्षं बदली कामगार म्हणून काढली होती, त्यामुळे कायम नोकरीवर त्यांची श्रद्धा होती. न पाहिलेल्या देवावर असते तशी. भटूच्या वडलांना त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "लोटूभाऊ, पगाराचं आपलं काही म्हणणं नाही. चौदाशे तर चौदाशे. पण पक्कं पाहिजे. आखाजीच्या सणापर्यंत कागद दाखवा, नाहीतर मी दुसरीकडे बघतो."

केंद्रात एक कायम जागा निघायची होती. संचालकांनी तसं आश्वासन दिलं होतं (दर मार्चमध्ये, भटू यायच्या आधीपासून, गेली चार वर्षं).

फेब्रुवारीत आठवा खंड आला. भटू प्रथेप्रमाणे डिंडोलीत कामाला लागला. नमुन्यात दर बारावी खोली घ्यायची होती. खोल्या मोजत मोजत तो ज्या बाराव्या दारासमोर उभा राहिला, ते त्याच्याच घराचं निघालं. दुसरा कोणी असता तर शेजारची खोली धरून मोकळा झाला असता. पण पुस्तिकेत लिहिलं होतं: निवडलेलं कुटुंब कोणत्याही सबबीवर बदलू नये, प्रश्न छापील शब्दांतच विचारावेत, उत्तर ठाऊक आहे असं गृहीत धरू नये. भटूने ती पुस्तिका वाचलेली होती. केंद्राच्या इतिहासात ही चूक करणारा तो पहिलाच.

त्याने उंबऱ्यात उभं राहून ओळखपत्र दाखवलं आणि वडलांना विचारलं, "आपलं नाव?"

लोटू पाटील रातपाळी करून नुकते जेवायला बसले होते. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"धुरपदा, याले ताप शे का देख."

"आबा, नियम आहे. सांगा."

"लिख मंग. लोटू बुधा पाटील."

धंदा, यंत्रमाग चालवणं. कमाई, महिना एकवीसशे. नेमणूकपत्र, नाही. घरात शौचालय आहे का, हेही भटूने विचारलं, आणि नाही म्हणून लिहून घेतलं.

"घरात आणखी कमावतं कोणी?"

"एक आन्डोर शे," मुलाकडे बोट दाखवत धुरपदाबाई म्हणाल्या.

"तो काय काम करतो?"

"लोकेस्ना घर जाईसन त्यास्ना पगार इचारस."

"आणि त्याचा पगार?"

लोटूंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "ते इचारू नको. घरमा शांती शे."

पुढचा प्रश्न होता, सदर व्यक्ती आज कामावर आहे का. ज्याच्याकडे आजच्या तारखेचं वैध नेमणूकपत्र नाही तो बेरोजगार, अंक ९, अशी पुस्तिकेत व्याख्या होती. भटूने स्वच्छ अक्षरात ९ लिहिला आणि खाली प्रश्नकर्ता म्हणून स्वतःची सही केली. त्या दिवसाचा त्याला पगार नव्हताच, तेव्हा नोंद सर्व बाजूंनी अचूक होती.

केंद्राचा आकडेवारी विभाग (एक टेबल, एक संगणक, त्यावर शिवून घेतलेलं आच्छादन) अलकाताई सांभाळत. त्यांचे चौतीस खंड झाले होते.

"अरे भटू, हा तर तूच."

"हो, ताई."

"मग नऊ कशाला टाकलास, वेड्या? दोन टाकायचा. नियमित. मी माझ्या घरचा अर्ज भरताना दोनच टाकते."

"ते खोटं होईल, ताई."

"खोटं कसलं. आशावाद म्हणतात त्याला."

पण नऊ तसाच राहिला, आणि उत्तरदाता क्रमांक ४१७ अहवालात ठळक चौकटीत गेला: एम.ए. झालेला मुलगा, अशिक्षित बापापेक्षा सातशे रुपये कमी कमावणारा, आणि दर नव्वदाव्या दिवशी तेवढेही न कमावणारा. मार्चमध्ये डॉ. सबनीसांनी ही चौकट हॉलंडच्या परिषदेत वाचून दाखवली. सभागृह हळहळलं (दोघांनी चष्मे पुसले). अशा सुशिक्षित तरुणाला इतक्या निर्दयपणे राबवणारी ती संस्था कोणती, असं एका बाईंनी विचारलं. सरांनी गोपनीयतेच्या तत्त्वाला जागून नाव सांगितलं नाही. लगोलग पाच वर्षांच्या नव्या अभ्यासाला अनुदान मंजूर झालं. विषय, सुशिक्षितांचा अर्धरोजगार.

सरांनी परत येताच भटूला बोलावलं. "पाटील, पंचेचाळीस लाख. तुमच्या एका चौकटीवर."

"सर, मग ती कायम जागा..."

"तिथेच तर घोटाळा आहे. तुम्ही या अभ्यासाचे उत्तरदाते. उत्तरदात्यालाच सहाय्यक नेमलं तर पूर्वग्रह शिरतो. तेव्हा यापुढे नेमणूकपत्र देता येणार नाही." भटूचा चेहरा पाहून त्यांचा आवाज मऊ झाला. "पण उत्तरदाता म्हणून पाच वर्षं तुम्हाला कोणी हात लावू शकत नाही. वर्षाला चार मुलाखती, मुलाखतीला पन्नास रुपये. रीतसर करार आहे. अट एकच. या काळात तुमची परिस्थिती फारशी सुधारता कामा नये. नमुना बिघडतो."

भटूने करार तीनदा वाचला. वर्षाचे दोनशे रुपये होत होते. पण त्यात खंडाचं कलम कुठेही नव्हतं. आखाजीच्या चार दिवस आधी तो कागद घेऊन नवागामला गेला. पांडुरंगअप्पांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी गोल शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"पाच वर्षं? मधी काढून नाही ना टाकणार?"

"नाही, अप्पा. माझं बरं चाललं तरच काढतील."

"मग काही धोका नाही," असं म्हणून त्यांनी आतून साखर मागवली.

पोटासाठी भटूने वडलांशेजारचे चार माग धरले. कमाई एकोणीसशेवर गेली. ही सुधारणा तर नव्हे, म्हणून केंद्राने बैठक घेतली, एम.ए. होऊन माग चालवणं ही घसरणच आहे, असं एकमताने ठरलं आणि नमुना उलट बळकट झाला.

आता एकच काम शिल्लक आहे. अशा अभ्यासाला तुलनागट लागतो: शिकलेली, पक्क्या पगाराची, दुपारी पाय पसरून दुसऱ्याच्या नोकरीवर हसायला सवड असलेली माणसं. आपण इथवर वाचलंत, त्याअर्थी आपली निवड झाली आहे. अनुजा नावाची मुलगी (एम.ए., पहिला वर्ग) बावीस पानं घेऊन येईल. तिला बसवा, पंखा लावा. 'आपल्या मुलाला समाजशास्त्र घेऊ द्याल का' हा प्रश्न ती विचारणार नाही; सगळ्यांचं उत्तर एकच येत असल्यामुळे ते आधीच छापून घेतलं आहे. तिचा पगार मात्र विचारू नका. आजवर एकाही सुखवस्तू घराने तो विचारलेला नाही, आणि केंद्राच्या हाती लागलेला एवढाच निष्कर्ष निरपवाद आहे.