कोल्ह्याच्या दातांची सफाई

निसर्ग परिपूर्ण आहे हे मत निसर्ग मोठ्या स्क्रीनवर उघडून पाहेपर्यंतच टिकतं. त्यानंतर कुठल्याही सुशिक्षित माणसाला त्यात बऱ्याच दुरुस्त्या सुचू लागतात.

दातांचे डॉक्टर हे असेच एक सुशिक्षित गृहस्थ. पन्नाशी उलटल्यावर त्यांना प्राण्यांचे फोटो काढायचा नाद लागला आणि ते गावातल्या वन्यजीव छायाचित्रण मंडळाचे सभासद झाले. मंडळाची शिस्त कडक होती. फोटो समोर आला की आधी "सेटिंग काय?" असं विचारायचं, शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओचे आकडे ऐकून मान डोलवायची, आणि वेळ उरलाच तर प्राण्याकडे पाहायचं. (खजिनदारांच्या सासूबाई गेल्या तेव्हा सगळे त्यांच्या फोटोसमोर माना खाली घालून उभे राहिले. मग अध्यक्षांना राहवेना. ते हळूच म्हणाले, "सेटिंग काय होतं?")

संपादनाबाबत मंडळाचं धोरण स्वच्छ होतं : प्राण्याला हात लावायचा नाही. म्हणून जो तो फक्त आपल्या व्यवसायापुरताच हात लावी. डोळ्यांचे डॉक्टर घुबडांचे मोतीबिंदू काढत. पार्लरवाल्या बाई हत्तीच्या सुरकुत्यांवर मेहनत घेत. करसल्लागार थव्यातले निम्मे पक्षी दाखवतच नसत. अध्यक्ष बांधकामवाले, ते आड येणारी झाडं काढून टाकत, आणि हे काम ते फोटोतही करत.

एका पहाटे दातांचे डॉक्टर खाणीजवळच्या झुडपात पोटावर पडले होते. मुंग्यांनी त्यांच्या पायांची सविस्तर पाहणी सुरू केली होती. एवढ्यात समोर एक कोल्हा येऊन बसला आणि त्याने असा काही जबडा वासला, की इतकं तोंड आजवर एकाही पेशंटने न ओरडता उघडलं नव्हतं.

"अजून थोडं," डॉक्टर सवयीने पुटपुटले.

कोल्ह्याने अजून थोडं उघडलं. फोटो निघाला.

घरी येऊन स्क्रीनवर पाहतात तर काय, दातांवर पिवळा थर! प्राण्याला हात लावायचा नाही हे डॉक्टरांना मान्यच होतं. पण थर म्हणजे काही प्राणी नव्हे. त्यांनी तो काढला. थर गेल्यावर सुळ्याचं तुटकं टोक डोळ्यांत खुपू लागलं, ते भरलं. मग पुढचे दोन दात वाकडे दिसायला लागले, ते सरळ झाले. हिरड्या गुलाबी होत होत्या तेव्हा बायको चहा घेऊन आली.

"अहो, हा आपला पेशंट का?"

"जंगली कोल्हा आहे."

"मग एवढा नीट घासतो कशाने?"

हात बसलाच होता, म्हणून डॉक्टरांनी तिचाही एक फोटो उरकून टाकला. ती शाळेत शिकवायची, निवृत्त होत होती. निरोप समारंभात लावायला शाळेने फोटो मागितला होता. तो पाहून मात्र तिचा चेहरा उतरला.

"हे दात कुणाचे?"

"तुझेच की."

"माझे नाहीत. माझा एक दात शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकून उभा आहे. लग्नाआधी म्हणाला होतात, तू हसलीस की बघत राहावंसं वाटतं. म्हणजे काय, दुरुस्ती कुठून सुरू करायची ते बघत होतात?"

जेवताना ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच दिवशी कळलं की मंडळाच्या स्पर्धेत डॉक्टरांनी पाठवलेला कोल्हा पहिला आलाय, तोही 'जसे दिसले तसे' या विभागात.

"आधी तिथे जाऊन खरं सांगा," बायको म्हणाली. "मग माझ्याशी बोला."

डॉक्टर मूळ फोटो घेऊन परीक्षकांपुढे उभे राहिले. "खरा कोल्हा हा. बक्षीस मिळालेल्याचे दात मी घासलेत."

परीक्षकांनी पिवळे दात पाहिले, तुटका सुळा पाहिला, नाकावरचा चिखल पाहिला. आपसात कुजबुज झाली.

"डॉक्टर, आम्ही शेकडो कोल्हे पाहिलेत," मुख्य परीक्षक म्हणाले. (खरंच पाहिले होते. सगळे स्क्रीनवर.) "असा कोल्हा नसतो. पण पिवळा रंग काय बेमालूम चढवलाय हो!"

"चढवलेला नाही! तो आहेच तसा!"

"पुरे आता विनय."

डॉक्टरांचा आवाज चढत गेला तसतशी परीक्षकांची त्यांच्याबद्दलची आपुलकी वाढत गेली. शेवटी घासलेल्या कोल्ह्याचं बक्षीस कायम राहिलं आणि मूळ कोल्ह्याला 'कल्पक संपादन' विभागात पहिला क्रमांक देण्यात आला.

डॉक्टर दोन करंडक काखेत मारून घरी आले.

"सांगितलंत?"

"सांगितलं," म्हणत त्यांनी दुसरा करंडक पुढे केला. त्यावरची अक्षरं वाचून बायको इतकी हसली, की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. डॉक्टरांनी गडबडीत मोबाइल काढला. फोटो हलला, अंधारा आला, अर्धा कानही कापला गेला. डॉक्टर त्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि त्याला कुठेही हात न लावता तो शाळेला पाठवून दिला.

पुढे मंडळाच्या प्रदर्शनात दोन्ही कोल्हे शेजारी शेजारी लागले. लोक घासलेल्यासमोर थांबून "किती नैसर्गिक!" म्हणत आणि दुसऱ्यासमोरून मुलांना भराभर पुढे नेत.

तुम्ही तिथे असतात तर खरा कोल्हा तेव्हाच ओळखला असतात, याबद्दल आम्हाला शंका नाही. तुमचा फोटो आम्ही पाहिला आहे. ओळखपत्रावरचा नव्हे, तो कुणा भलत्याचाच आहे, हे तुम्ही भेटेल त्याला सांगत असता. आम्ही म्हणतो तो दुसरा, बऱ्याच फोटोंतून निवडून लोकांसाठी लावलेला. छान आहे. फक्त परवा तुम्ही समोरून गेलात, तेव्हा आम्ही ओळखलं नाही.