सळईपायी उलटी वरात

"आर्लीन, हातातलं टाक आणि बाहेर ये! चष्मा घालून ये!"

आर्लीन झरेंबा चर्चच्या जत्रेसाठी पिएरोगी, म्हणजे पोलिश उकडकरंज्या, करत होती. बटाट्याचं सारण भरून झालं होतं, मुरड घालायची राहिली होती. नवऱ्याने अशी हाक मारली की गॅरेजमध्ये एक तर काही पेटलेलं असतं, नाही तर काही सापडलेलं असतं, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षात कळून चुकलं होतं. ती पिठाच्या हातांनी तशीच बाहेर गेली.

कॅसिमिर गाडीखालून सरपटत बाहेर आला. तोंडाला ग्रीस, डोळ्यांत पाणी.

"बसली! सळई बसली!"

"कुठली सळई?"

"कुठली म्हणजे? ती सळई!"

आता त्या सळईची गोष्ट सांगायलाच हवी. कॅसिमिरची हिरवी गाडी एकोणीसशे एकोणसत्तरची. आर्लीनच्या आधी ती त्याच्या आयुष्यात आली आणि हे तो चारचौघांत बोलूनही दाखवायचा. कारखान्यातून आली तेव्हा तिच्या पोटाखाली गिअरच्या दांड्यापासून स्टेअरिंगपर्यंत एक वाकडी सळई होती. तिचं काम एकच: गाडी रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय किल्ली बाहेर येऊ द्यायची नाही. मिशिगनमधल्या त्या वेळच्या तरण्याबांड पोरांना हा जाच कुठला सोसायला! ज्याने त्याने गाडीखाली शिरून सळई काढली आणि भिरकावली. कॅसिमिरने तर थेट घरामागच्या ओढ्यात. तेव्हा फेकणारा शहाणा ठरला आणि आता तोच म्हातारा होऊन ती शोधत गावोगाव हिंडत होता.

कारण हर्शेल प्रुइट. जत्रेतल्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेचा हा परीक्षक. काठीला बांधलेला आरसा गाडीखाली सरकवायचा आणि दरवर्षी तेच म्हणायचा, "गाडी देखणी आहे, कॅस. पण सळई नाही." की गेला पहिला नंबर दुसऱ्याकडे! नव्याने बनवलेली नक्कल बाजारात मिळे, पण हर्शेलला ती आरशातूनसुद्धा ओळखू येई. आणि हा हर्शेल जत्रा आटोपली की मुलीकडे फ्लोरिडाला कायमचा निघाला होता. 'सळई आहे' हे शब्द कॅसिमिरला त्याच्याच तोंडून ऐकायचे होते. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्यात काय मजा?

शेवटी सळई सापडली ओहायोत, एका शेतकऱ्याच्या खुराड्याला. कडी म्हणून लावलेली. कॅसिमिरने त्याच्या कोंबड्यांना नवं दार करून दिलं आणि सळई घेऊन आला. ती जागेवर धरणारी चिमुकली क्लिपही त्या काळातलीच मिळवली.

"ही क्लिप एकदा बसली की बसली," तो आर्लीनला म्हणाला. "काढायला गेलं की तुटणार. अशी दुसरी शोधायला मला दुसरा जन्म घ्यावा लागेल."

"आणि ही सळई करते काय?"

"किल्ली अडवते."

"म्हणजे तू कष्ट करून त्रास घरी आणलास."

"अगं, पण अस्सल त्रास आहे!"

रविवारी सकाळी कॅसिमिरने इस्त्रीचा शर्ट घातला, मांडीवर पिएरोगीचं परातीएवढं ताट घेऊन आर्लीन शेजारी बसली आणि गाडी डौलात उलटी गॅरेजबाहेर आली. रस्त्यावर आली. मग कॅसिमिरने पहिला गिअर टाकायला दांडा ओढला. दांडा हलेना. दोन्ही हातांनी ओढला, शिवी घातली, हात जोडले. दांडा रिव्हर्समध्ये ठाण मांडून बसलेला.

"सळई अडकली असणार," आर्लीन म्हणाली. "क्लिप काढ, सळई सोडव, चर्चच्या मैदानात जाऊन परत लाव."

"तुटेल ती!"

"मग ट्रेलर मागव."

"ट्रेलरवरून आलेली गाडी स्पर्धेतून बाद. नियम आहे."

"कुठल्या गाढवाने केला हा नियम?"

कॅसिमिर पुटपुटला, "मीच केलाय. दरवर्षी ट्रेलरवरून गाडी आणायचा ना, त्या दातांच्या डॉक्टरची जिरवायला."

आता काय करणार? "चर्च काही लांब नाही," तो म्हणाला. "उलटीच नेतो." पण जन्म लोखंड ओतायच्या कारखान्यात गेलेला, मान आखडलेली. मागे बघायचं तर त्याला अख्खं वळावं लागे, आणि वळला की पाय पेडलवरून सुटे. गाडीने आधी स्वतःची टपालपेटी आडवी केली.

"मला दे," आर्लीन म्हणाली.

"तुला? तुला हिचा स्वभाव कळायचा नाही."

हे वाक्य ती लग्नापासून ऐकत आली होती. जिने गावच्या शाळेची बस हिमवादळातून हाकली, तिला या गाडीच्या स्टेअरिंगला कधी बोट लावू दिलेलं नव्हतं. पुढच्या वळणावर शेजाऱ्यांच्या बागेतला मातीचा बुटका पुतळा शहीद झाला आणि त्याच क्षणी मागे पोलिसांचा दिवा लागला. म्हणजे तसा पुढेच.

पोलीस कर्टिस उतरून खिडकीशी आला. याच गावात वाढलेला मुलगा. "कॅसकाका, हे काय चाललंय?"

"स्पर्धेला चाललोय."

"असं? मी नाही जाऊ देऊ शकत. कोणाच्या तरी अंगावर घालाल."

"कर्टिस, अरे हर्शेल चाललाय रे! आज नाही तर कधीच नाही!" म्हाताऱ्याचा आवाज चिरकला.

आर्लीनने पिएरोगीचं ताट नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. "आणि मी चालवली तर, कर्टिस?"

कर्टिसने वाकून आत पाहिलं आणि टोपी काढली. "आर्लीनबाई, तुम्ही? ओढ्याच्या पुलावर बर्फात बस अडकली होती तेव्हा आम्हा सगळ्यांना घेऊन तुम्ही ती हमरस्त्यापर्यंत उलटी आणली होती. मी मागच्या बाकावर रडत होतो."

"रडत नव्हतास. ओकत होतास."

"तेच ते. चला, मी रस्ता मोकळा करतो."

कॅसिमिरने गाडीकडे पाहिलं, आर्लीनकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवरून दुसऱ्यासाठी उठला.

तिने आरसा जुळवला, हात सीटच्या पाठीवर टाकला आणि निघाली. पुढे पोलिसाचा दिवा, मागून तोंड फिरवलेली हिरवी गाडी. रेघ मारावी तशी सरळ. सुरुवातीला कॅसिमिर लाजेने ताटात बघत होता. मग चौकातलं वळण आलं. आर्लीनने ते एका हाताने, गुणगुणत, असं घेतलं की एकही पिएरोगी जागची हलली नाही. न्हाव्याच्या दुकानाबाहेर माणसं आ वासून उभी होती. कॅसिमिरने खिडकीतून धड बाहेर काढलं. खरं तर सळईबद्दल ओरडायचं होतं, पण तोंडातून निघालं, "बायको आहे माझी! बघून घ्या!"

मैदानात हर्शेलने आरसा गाडीखाली सरकवला. बराच वेळ तो वाकलेलाच होता.

"सळई आहे," हर्शेल म्हणाला. "क्लिपसुद्धा आहे. अरे देवा." तो सरळ झाला. "अडकलीय का?"

"अडकलीय."

"तेव्हाही अडकायची, आठवतंय? म्हणून तर फेकल्या आपण." त्याने कागदावर सही ठोकली. "पैकीच्या पैकी. गाडी पुढे जात नाही म्हणून गुण कापायचा नियम अजून कोणी केलेला नाही. तू करू नकोस म्हणजे झालं."

पहिल्या नंबरची गाडी नदीपर्यंतच्या मिरवणुकीच्या अग्रभागी असते. कॅसिमिरने स्वतः दार उघडून धरलं, आणि आर्लीन बसली. दरवर्षीच्या विजेत्याला पुढचा रिकामा रस्ता तेवढा दिसायचा. गाडी उलटी चालल्यामुळे आर्लीनला पुढच्या काचेतून अख्खी मिरवणूक समोर दिसत होती. बँडवाले, पाद्रीबुवा आणि त्यांच्यामागे तिच्या बसमधून शाळेला गेलेलं निम्मं गाव, आता टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, पोरं खांद्यावर घेतलेलं. इतकी वर्षं ही तोंडं तिने डोक्यावरच्या आरशातच पाहिली होती. सगळी तिला हात करत होती. तिचे डोळे भरून आले, आणि तरी गाडी रेघेवरून ढळली नाही. शेजारी कॅसिमिर बक्षिसाची ढाल मांडीवर घेऊन फुगून बसला होता.

संध्याकाळी गाडी पाठमोरी गॅरेजमध्ये शिरली. आर्लीनने इंजिन बंद केलं आणि किल्ली फिरवली. रिव्हर्समध्येच होती, तेव्हा किल्ली लोण्यातून सुरी निघावी तशी अलगद निघाली.

"बघितलंस?" कॅसिमिर छाती काढून म्हणाला. "सळई काम करते!"

"करते खरी," आर्लीन म्हणाली आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकून तिने चेन ओढली.

"अगं, किल्ली?"

"गाडी उलटी चालते तोवर माझ्याकडे. सुलटी कर, मग माग."

कॅसिमिर गाडीखाली शिरला. बॅटरीच्या उजेडात त्या क्लिपकडे बराच वेळ बघत पडून राहिला. मग तिला हात न लावता तसाच बाहेर आला आणि आर्लीनसाठी सीट थोडी पुढे सरकवून ठेवली.