डब्याचा गुण

पेणजवळच्या रामवाडीतल्या प्रणितचं बाळ झोपत नाही, ही बाब प्रथम निव्वळ घरगुती स्वरूपाची होती. बाळ दोन महिन्यांचं. सहा महिने त्याला फक्त अंगावरचं दूध द्यायचं, वरचं काही नाही, असा त्याच्या आईचा, भाविकाचा, निश्चय होता. दवाखान्यातल्या सिस्टरने तसं सांगितलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माना डोलवायला काही लागत नाही.

पण झोपेचा प्रश्न लवकरच तालुका ओलांडून रोह्यापर्यंत गेला आणि त्याची रीतसर पाहणी सुरू झाली. पाहणीची पद्धत ठरलेली होती. भाविका बाळाला पाजून, थोपटून, मांडीला रग लागेपर्यंत हलवून कसंबसं झोपवायची. तेवढ्यात दारात कुणीतरी पाहुणं उभं राहायचं. आता माणूस एसटीचे धक्के खात आलेला. बाळाचे डोळे कुणावर गेलेत हे बघितल्याशिवाय परत कसा जाणार? मग बाळाच्या तळपायाला हळूच एक टिचकी. बाळ दचकून उठायचं आणि आळी डोक्यावर घ्यायचं.

"भुकेलाय गो तो," पाहणीचा निष्कर्ष यायचा. "तुझं दूध नाय पुरत त्याला."

निष्कर्षानंतर चहा, आणि चहा संपतो न संपतो तोच पुढची पाहणी.

रोह्याची नणंद मृणाली आली. तिने टिचकी मारली आणि भाविकाच्या जेवणातले वाल बंद केले. कोलाडच्या बायजामावशीने बाळाच्या कानाशी टाळ्या वाजवल्या आणि केळी बंद केली. आणखी कुणी कुणी आणखी काय काय बंद केलं. सगळ्या बंद्या एकत्र लागू झाल्या तेव्हा भाविकाच्या ताटात मऊ भात आणि ताट एवढंच उरलं. बाळ मात्र छान बाळसं धरत होतं. पण तो पुरावा कुणी ग्राह्य धरेना, कारण रडणं ऐकू येतं, बाळसं ऐकू येत नाही.

शेवटी प्रणितने डोलवीच्या कारखान्यात आपल्या शिफ्टमधल्या जगनला विचारलं.

"आमच्याला दुधाच्या पावडरीचा डबा चालू केला नि सुतासारखा सरळ झाला," जगन म्हणाला.

संध्याकाळी डबा घरात आला. भाविकाचा बांध फुटला. "सहा महिने नाय म्हणजे नाय. भरपूर दूध हाय मला. त्याला झोपू तरी द्या!"

"म्हणजे आम्ही जागं ठेवतो व्हय त्याला?" सासू काशीबाई भडकली.

प्रकरण रविवारच्या बैठकीपुढे गेलं. झाडून सगळे आले. चर्चेआधी बाळाची समक्ष तपासणी आवश्यक होती, म्हणून प्रत्येकाने एकेक टिचकी मारली. बाळ टाहो फोडून रडलं आणि ठराव एकमताने मंजूर झाला: डबा आजच उघडावा, आणि तो भाविकानेच उघडावा.

भाविका डबा घेऊन स्वयंपाकघरात गेली. सील फाटल्याचा आवाज आला आणि बाहेर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. घरातलं दूध बैठकीच्या पहिल्याच चहाला संपलं होतं. शेगडीवर पातेलंभर कोरा चहा उकळत होता. तिने त्यात पावडर घातली, अगदी सढळ हाताने. कप बाहेर पाठवले, आतल्या खोलीला कडी लावली आणि बाळाला पदराखाली घेतलं.

"चहा झकास झालाय गो!" बाहेरून बायजामावशी ओरडली.

उघडा डबा सगळ्यांनी डोळ्यांनी बघितला आणि समाधानाने घरी गेले. प्रश्न निकाली निघाल्यामुळे पाहणीला कुणी येईना. कुणी येईना म्हणून टिचकी बसेना. बाळ झोपायला लागलं. डबा संपला तसा काशीबाईने हौसेने दुसरा आणला. सकाळचा दाट चहा भुरकत, झोपलेल्या नातवाकडे बघत ती म्हणायची, "बघ, कसा गुण आला डब्याचा."

बाळाला सहा महिने झाले. सिस्टरने बाळाचं वजन केलं आणि कौतुकाने विचारलं, "काय देता हो याला?"

"डबा!" काशीबाईने छाती पुढे काढून सांगितलं.

सिस्टरचा चेहरा पडला. भाविकाच्या अंगाचा तिळपापड झाला. खरं उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून पाहण्या पुन्हा सुरू झाल्या असत्या. तिने ते गिळलं.

बायजामावशीने ही हकीकत कोलाडभर केली आणि तिथून ती महामार्गाने दोन्ही दिशांना गेली. तुमच्याही कानावर आली असेलच: पेणला एक बाळ झोपतच नव्हतं, डबा चालू केला आणि कसं गपगार झोपायला लागलं. तुम्ही ती एखाद्या बाळंतिणीला सांगितलीही असेल, तिच्याच घरी बसून, तिच्याच हातचा चहा पीत.

जरा दाट लागला का हो तो?